बँकेच्या इमारतीची किंमत वाढली म्हणजे पैसा आला का? अहवालातलं पुनर्मूल्यांकन असं वाचायचं

दरवर्षी गणपतीच्या आगेमागे आमच्या आत्याकडे तिच्या सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल येतो. चाळीस वर्षांची सभासद आहे ती, अहवाल पहिल्या पानापासून वाचते आणि जिथं अडेल तिथं पेन्सिलीने गोल करून ठेवते. मागच्या खेपेला तिने "इमारत पुनर्मूल्यांकन निधी ३,००,००,०००" या ओळीला गोल केला होता आणि शेजारी मागच्या वर्षीच्या रकान्यात नुसती रेघ होती. मला म्हणाली, "अरे बँकेला तीन कोटी मिळालेत की, मग डिव्हिडंड तेवढाच कसा?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मी स्वतः बरीच वर्षं बँकेच्या हिशेब खात्यात काढली आहेत आणि खरं सांगतो, हा प्रश्न सभेत कुणी विचारत नाही, जेवणाची कुपनं आणि भेटवस्तू यावर अर्धा तास जातो पण ताळेबंदातल्या एवढ्या मोठ्या ओळीवर कुणी बोलत नाही. म्हणून आत्याला जे समजावलं तेच इथं सविस्तर लिहितोय, ज्यांच्याकडे नागरी सहकारी बँकेचे शेअर्स किंवा ठेवी आहेत त्यांनी अहवाल समोर घेऊनच वाचा. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ढोबळ घेतलेत.

आधी अहवालात जमीन-इमारत कुठं कुठं लपलेली असते ते शोधा. तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे बँकेची स्वतःची जागा, प्रधान कार्यालय, शाखांचे गाळे वगैरे, ती मालमत्तेच्या बाजूला "जागा व इमारत, घसारा वजा जाता" अशी दिसते. दुसरी, कर्जापोटी बँकेच्या गळ्यात आलेली मालमत्ता, तिला अहवालात बहुतेक ठिकाणी "नॉन बँकिंग असेट्स" असंच म्हणतात. आणि तिसरी म्हणजे कर्जदारांनी गहाण ठेवलेल्या मालमत्ता, त्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतच नाहीत कारण त्या बँकेच्या नाहीत, पण त्यांची किंमत किती धरली यावर नफा वर-खाली होतो. तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

आता स्वतःच्या इमारतीपासून सुरू करू, आत्याची ओळ तिथलीच आहे.

समजा बँकेने १९९८ साली बाजारपेठेत ४० लाखाला जागा घेतली. दरवर्षी घसारा, म्हणजे वापराने होणारी झीज, वजा करत करत पुस्तकी किंमत १२ लाखावर आली, त्यात जमीन ८ लाख आणि इमारत ४ लाख. जमिनीला घसारा नसतो हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. पण बाजारात त्याच जागेला आज तीन कोटींच्या वर भाव आहे. मग बँक मूल्यांकनकार बोलावते, तो ३ कोटी १२ लाखाचा अहवाल देतो, आणि ३१ मार्चला हिशेब खात्यात एक नोंद पडते: मालमत्तेच्या बाजूला इमारत ३ कोटीने वाढली, भांडवल आणि देण्यांच्या बाजूला पुनर्मूल्यांकन निधी ३ कोटीने वाढला. बस्स, एवढंच. तिजोरीत एक रुपया आला नाही, कुणा कर्जदाराने हप्ता भरला नाही, बँकेची जागा कालही तीच होती आणि आजही तीच आहे. ही वाढ नफा-तोटा पत्रकातून जातच नाही, थेट निधीत जाते, आणि जे नफ्यात आलंच नाही त्यातून डिव्हिडंड वाटता येत नाही. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथंच संपतं.

पण मग बँका हे करतातच कशाला, मूल्यांकनकाराची फी भरून? इथं खरी गोष्ट सुरू होते.

बँकेला भांडवल पर्याप्तता सांभाळावी लागते, म्हणजे दिलेली कर्जं आणि बाकीच्या मालमत्ता यांना जोखमीप्रमाणे भार लावून जो आकडा येतो त्याच्या ठराविक टक्के स्वतःचं भांडवल हवं. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकात नागरी बँकांसाठी हे नवीन ठरवलं. बँकांचे टियर म्हणजे गट पाडले, शंभर कोटीपर्यंत ठेवी असलेल्या छोट्या बँका पहिल्या टियरमध्ये, त्यांना ९ टक्के. त्यावरच्या टियर दोन ते चार मधल्या बँकांना १२ टक्के, आणि ज्यांचं कमी पडत होतं त्यांना टप्पे दिले, ३१ मार्च २०२४ ला १०, ३१ मार्च २०२५ ला ११ आणि ३१ मार्च २०२६ ला पूर्ण १२. त्याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट आली: पुनर्मूल्यांकन निधी आधी दुय्यम भांडवलात धरला जायचा, तो आता मुख्य भांडवलात (यालाही टियर एकच म्हणतात, पण बँकांच्या टियरशी याचा संबंध नाही) धरायला परवानगी मिळाली, मात्र ५५ टक्के सूट वजा करून. म्हणजे शंभर रुपये वाढ दाखवली तर भांडवलात ४५ च रुपये मोजायचे.

आता हा हिशेब कागदावर करून बघा, पाच मिनिटं लागतात. समजा बँकेचं भांडवल साडेदहा कोटी आणि जोखीमभारित मालमत्ता १०० कोटी, म्हणजे पर्याप्तता १०.५ टक्के. मार्च २०२५ ला ११ हवेत, म्हणजे बँक नापास. इमारतीचं पुनर्मूल्यांकन केलं, ३ कोटीचे ४५ टक्के म्हणजे १ कोटी ३५ लाख भांडवलात आले, भांडवल झालं ११.८५ कोटी. दुसऱ्या बाजूला इमारतीवर १०० टक्के जोखीमभार असतो म्हणून खालचा आकडाही ३ कोटीने वाढून १०३ झाला. ११.८५ भागिले १०३, येतात ११.५ टक्के. बँक पास! आणि वसुली तेवढीच, थकबाकी तेवढीच, सभासदांचे शेअर्स तेवढेच.

यात काही गैर आहे असं अजिबात म्हणत नाही मी. नियमात बसतं, आणि तीस वर्षं जुन्या किमतीत इमारत दाखवणं हेही वास्तवाला धरून नसतंच. स्टेट बँकेनेसुद्धा २०१६-१७ मध्ये आपल्या जागांचं पुनर्मूल्यांकन केलं आणि त्यांच्या ताळेबंदात हा निधी ३१ हजार कोटींच्या घरात गेला, व्यापारी बँकांना तशी सवलत रिझर्व्ह बँकेने १ मार्च २०१६ ला दिली होती. पण सभासद म्हणून आपल्याला हे कळायला हवं की भांडवल वाढलं ते कमावून वाढलं की मोजमाप बदलून वाढलं. म्हणून अहवालाच्या मागच्या बाजूला "हिशेबावरील टिपा" मध्ये भांडवलाचा तक्ता असतो तो उघडा, पर्याप्ततेचा टक्का घ्या आणि पुनर्मूल्यांकनाचा भाग काढून तोच भागाकार परत करा. आमच्या उदाहरणात १०.५ येतात. हा दुसरा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच्याशी तुलना करायची, छापलेल्याशी नको.

ही सवलत फुकट मिळत नाही, अटी आहेत आणि सभासदाला त्या तपासता येतात. बँकेला ती मालमत्ता स्वतःच्या मर्जीने विकता आली पाहिजे, कायद्याची आडकाठी नको. किमान तीन वर्षांतून एकदा दोन स्वतंत्र मूल्यांकनकारांकडून मूल्यांकन हवं. निधी ताळेबंदात वेगळा दाखवलेला हवा, इतर निधीत मिसळलेला नको. कुठल्या कारणाने किंमत बरीच खाली आली तर तीन वर्षं थांबायचं नाही, लगेच नवीन मूल्यांकन करायचं. आणि वैधानिक लेखापरीक्षकाने या पुनर्मूल्यांकनावर आक्षेपाचा शेरा मारलेला नको.

पहिल्या अटीवर जरा थांबा, आपल्याकडे ती फार महत्त्वाची आहे. बऱ्याच शाखा सिडकोच्या नाहीतर एमआयडीसीच्या भूखंडावर असतात, ती जमीन भाडेपट्ट्याची असते, सिडकोचा पट्टा साधारण ६० वर्षांचा आणि एमआयडीसीचा ९५. हस्तांतर करायचं तर त्यांची परवानगी आणि शुल्क आलंच. अशी जागा मालकीहक्काच्या जमिनीच्या भावाने मूल्यांकित केली असेल तर विचारायला हवं की पट्ट्याची किती वर्षं उरलीत ते धरलं का. तसंच एखाद्या जागेवर वाद कोर्टात असेल तर तीही या हिशेबात कशी बसली ते विचारा.

मूल्यांकनाचा अहवाल बघायला मिळाला तर काय बघायचं? मी असे अनेक हाताळलेत. पहिल्या पानावर इमारतीचा फोटो, मग क्षेत्रफळ, मग दर. सगळी गोम क्षेत्रफळात आणि दरात असते. चटई क्षेत्र, बांधीव क्षेत्र आणि सुपर बिल्टअप यात मोठा फरक पडतो, चटईच्या दराने सुपर बिल्टअपला गुणलं की किंमत आपोआप फुगते. एकदा माझ्या हातात आलेल्या अहवालात प्रॉपर्टी कार्डावर १,८५० चौरस फूट आणि मूल्यांकनात २,४०० होते, जास्तीचे साडेपाचशे फूट म्हणजे वरची गच्ची, मंजूर नकाशात नसलेली शेड टाकलेली. तो अहवाल आम्ही परत पाठवला आणि दुरुस्त करून घेतला, पण मी त्या दिवशी कार्ड शेजारी ठेवून वाचलं नसतं तर तसाच गेला असता, याची मला आजही धास्ती वाटते. दराला रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, शेजारी ठेवा. रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे हे मान्य, पण मूल्यांकन त्याच्या अडीच-तीन पट असेल तर शेजारच्या खऱ्या व्यवहारांचे दाखले जोडलेले असायला हवेत. आणि दोन मूल्यांकनकारांच्या आकड्यात मोठी तफावत असेल तर बँकेने कुठला घेतला, कमीचा की जास्तीचा, हे एका प्रश्नात कळतं.

आणखी एक नेहमीची गफलत, आणि याचा नियम लेखा मानक दहा मध्ये (हिशेब कसे लिहायचे याच्या नियमांत) स्पष्ट लिहिलेला आहे. पुनर्मूल्यांकन करायचं तर त्या वर्गातल्या सगळ्या मालमत्तांचं करायचं. मोक्याच्या चौकातलं प्रधान कार्यालय तेवढं वाढवलं आणि ओस पडलेल्या कॉम्प्लेक्समधल्या तीन शाखांचे गाळे जुन्याच किमतीला ठेवले, असं चालत नाही. कारण खाली आलेल्या किमतीचा नियम वेगळा आहे: एखाद्या इमारतीची किंमत घटली तर त्याच इमारतीच्या आधीच्या वाढीतून ती वजा होते, पण त्या इमारतीची आधी वाढच केलेली नसेल तर घट सरळ नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून जाते. प्रधान कार्यालयाच्या तीन कोटीतून गाळ्याचा वीस लाखाचा तोटा भरून काढता येत नाही, प्रत्येक मालमत्तेचा हिशेब आपापला.

घसारा. हे लोकांना सगळ्यात शेवटी कळतं पण डिव्हिडंडवर खरा परिणाम याचाच होतो. आमच्या उदाहरणात ३ कोटी १२ लाखातले २ कोटी ८ लाख जमिनीचे धरा आणि १ कोटी ४ लाख इमारतीचे. इमारतीचं आयुष्य वीस वर्षं उरलं असेल तर आधी ४ लाखावर वर्षाला २० हजार घसारा होता, आता १ कोटी ४ लाखावर ५ लाख २० हजार. हा सगळा नफा-तोटा पत्रकात खर्च पडतो. म्हणजे पुनर्मूल्यांकनाने नफा वाढत तर नाहीच, उलट दरवर्षी पाच लाखाने कमी होतो. त्याच्या बदल्यात जास्तीचे पाच लाख पुनर्मूल्यांकन निधीतून उचलून सर्वसाधारण निधीत नेता येतात, पण तेही नफा-तोट्याला न शिवता, निधीतून निधीत. पूर्वी हा जास्तीचा घसारा थेट पुनर्मूल्यांकन निधीतून वजा करायची पद्धत होती, २०१६ ला मानक सुधारल्यावर ती बदलली. तुमच्या अहवालात अजून जुन्या पद्धतीने दाखवत असतील तर नफा तेवढ्याने फुगलेला आहे असं समजा आणि टिपेत काय लिहिलंय ते वाचा. एक सोपी खूण सांगतो, जास्तीचा घसारा असा निधीतून निधीत नेला जात असेल तर पुनर्मूल्यांकन निधी दरवर्षी थोडा थोडा कमी होतो, पाच वर्षं एकच आकडा छापून येत असेल तर एकतर ती सगळी जमिनीची वाढ आहे, नाहीतर बँक ती रक्कम हलवत नाही, नाहीतर कुणीतरी घसाऱ्याची नोंद करायची विसरलंय.

विक्रीचं पण बघून घ्या. पुनर्मूल्यांकन न करता तीच १२ लाखाची जागा बँकेने ३ कोटीला विकली तर २ कोटी ८८ लाख नफा-तोटा पत्रकात येतात आणि त्या वर्षी नफा डोळ्यात भरतो. पुनर्मूल्यांकन झाल्यावर विकली तर ३ कोटी १२ लाखाच्या मानाने उलट १२ लाख तोटा दिसतो, आणि निधीतले ३ कोटी थेट सर्वसाधारण निधीत जातात. जागा तीच, गिऱ्हाईक तेच, पैसे तेवढेच. म्हणून एखाद्या वर्षी नफा एकदम दुप्पट झाला की उत्पन्नाच्या बाजूला "मालमत्ता विक्रीवरील नफा" शोधा, तो वजा करून बघा आणि मग संचालकांचं अभिनंदन करा.

आता दुसरा प्रकार, कर्जापोटी आलेली मालमत्ता. सहकारी बँकेची वसुली करणाऱ्यांना हा प्रवास पाठ असतो: महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, कलम १५६ खाली जप्ती, लिलाव, लिलावाला कुणी फिरकलं नाही की परत लिलाव, आणि शेवटी कलम १०० खाली ती मालमत्ता बँकेच्याच नावावर. दुसरा रस्ता सरफेसीचा, म्हणजे कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकायच्या कायद्याचा, तो सहकारी बँकांना लागू होतो का यावर बरीच वर्षं वाद चालला, मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात मे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने लागू होतो असं सांगितलं. कुठल्याही रस्त्याने आली तरी बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वतःच्या वापराला नसलेली मालमत्ता सात वर्षांच्या वर ठेवता येत नाही, रिझर्व्ह बँक फार तर पाच वर्षं वाढवून देते.

इथं बघायचं काय, तर किंमत कुठली लावली. कर्जखात्याला ९० लाख येणं होतं म्हणून गाळा ९० लाखाला पुस्तकात घेतला, असं असेल तर सावध व्हा, कारण ज्या गाळ्याला ७० लाखाच्या राखीव किमतीला तीन लिलावांत बोली आली नाही तो ९० चा कसा? असं झालं की थकीत कर्ज कमी झालेलं दिसतं, एनपीएचा म्हणजे थकीत कर्जांचा टक्का छान दिसतो आणि तोटा मात्र इमारतीच्या रूपात ताळेबंदात झोपून राहतो. ताळेबंदाच्या नमुन्यातच या मालमत्तेपुढे मूल्यांकनाची पद्धत लिहायची जागा दिलेली आहे, ती रिकामी आहे का ते बघा, आणि प्रत्येक मालमत्ता कुठल्या तारखेला आली याची यादी मागा, म्हणजे सात वर्षं कधी संपतात ते कळेल.

तिसरा प्रकार, गहाण मालमत्ता, थोडक्यात सांगतो. थकीत कर्ज ८० लाख आणि तारण १ कोटीचं धरलंय तर कर्ज पूर्ण सुरक्षित दिसतं. पण तारणाची खरी किंमत ४५ लाखच निघाली तर ३५ लाख उघडे पडले, आणि किंमत आधी धरलेल्याच्या निम्म्याहून खाली गेल्यामुळे ते कर्ज थेट संशयित, म्हणजे वसुलीची खात्री नसलेल्या, वर्गात जातं, तिथं उघड्या भागावर १०० टक्के तरतूद, म्हणजे तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढायची. म्हणजे ३५ लाख एका फटक्यात नफ्यातून गेले, तारणाने झाकलेल्या ४५ लाखावरची तरतूद वेगळीच. एका जुन्या मूल्यांकनाने एवढं झाकलेलं असतं. ही माहिती खात्यावार सभासदाला मिळणार नाही, ती गोपनीय आहे, पण लेखापरीक्षकाच्या अहवालात "तारणांचे मूल्यांकन जुने आहे" अशा अर्थाचं एखादं वाक्य असतं, बारीक अक्षरात, ते शोधा.

सभासदाला बँकेत जाऊन शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं विनामूल्य बघायचा हक्क कलम ३२ ने दिलाय. मूल्यांकनाचा अहवाल त्यात येत नाही, पण प्रश्न विचारायला कुणी अडवत नाही. सभेच्या नोटिशीत प्रश्न अमुक दिवस आधी लेखी द्यावेत असं छापलेलं असतं ती तारीख चुकवू नका, ऐनवेळी उभं राहून विचारलं तर "कार्यालयात या, माहिती देऊ" एवढंच उत्तर मिळतं. आत्याने या वर्षी साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात हे लिहून दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली:

"पुनर्मूल्यांकन निधी रु. ३ कोटी वगळून भांडवल पर्याप्तता किती येते? मूल्यांकन कोणत्या तारखेचे, दोन्ही मूल्यांकनकारांचे आकडे काय, व त्यापैकी कोणता स्वीकारला? सर्व इमारतींचे मूल्यांकन केले की काहींचेच? वाढीव घसारा कोणत्या खात्यात टाकला? नॉन बँकिंग असेट्स किती, कोणत्या तारखेपासून व कोणत्या किमतीने धरले आहेत?"